‘आधी मीटर दाखवा’ म्हणणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आभार मानायला मी घरी आले असते, तर आपण नेहमीप्रमाणे विषय हापूसच्या कलमांकडे वळवला असतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्यासारख्या अनुदानित शाळांच्या कार्यालयांत टोनर (प्रिंटरची भुकटी शाई), कागद आणि दुरुस्ती यांच्या बिलांपुढे हात टेकलेले लिपिक बंधू-भगिनी पुष्कळ आहेत आणि आपण आम्हाला जे शिकवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल. आपले नाव कुठेही येता कामा नये, ही आपली अट मात्र मी पाळली आहे.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमचे झेरॉक्स मशीन तळमजल्यावरच्या कार्यालयात होते. पाणी ओसरल्यावर त्याच्या ट्रेमधून आम्ही ओंजळीने चिखल काढला. पुढच्या काही महिन्यांत माजी विद्यार्थ्यांनी आणि मुंबई-पुण्याच्या हितचिंतकांनी शाळेला भरभरून मदत केली आणि त्या मदतीत सात कोरी यंत्रे आली : एक मध्यम आकाराचा कॉपियर, चार लहान लेझर प्रिंटर आणि दोन रंगीत. देणाऱ्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण सात यंत्रे सात ठिकाणांहून आल्यामुळे एकाची कार्ट्रिज दुसऱ्याला चालत नसे आणि कपाटात नेमकी नको असलेली कार्ट्रिज शिल्लक, हवी असलेली संपलेली, असा प्रकार कायम चाले. स्टाफरूम, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिथे टेबल रिकामे दिसले तिथे एकेक प्रिंटर बसला. वेतनेतर अनुदानाची रक्कम किती आणि ती येते कधी, हे या क्षेत्रातल्या माणसांना सांगायला नको. वर्षभरातच छपाईचा खर्च इतका वाढला, की मुख्याध्यापकांनी नवे मोठे मशीन भाड्याने घेण्यासाठी दरपत्रके मागवायला सांगितली.

जानेवारी 2023 मध्ये आपण नातीच्या बोनाफाईडसाठी आमच्या खिडकीशी उभे होतात. मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मागच्या बाजूने खेचत होते आणि आपण खिडकीतूनच ‘थांबा, थांबा, फाटेल’ असे म्हणालात. आत येऊन आपण झाकण उघडलेत, हिरवी कळ खाली केलीत आणि कागद ज्या दिशेने पुढे जातो त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश काढून घेतलात. उलट ओढला की तो फाटतो, तुकडा शाई तापवून कागदावर पक्की करणाऱ्या फ्यूजरच्या रोलरपाशी राहतो आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी मेकॅनिक बोलवावा लागतो, हे आपण सांगितलेत, तेव्हा मागच्या वर्षातली निम्मी दुरुस्ती-बिले माझ्या डोळ्यांपुढून गेली. मुंबईत कॉपियर दुरुस्तीत उभी हयात घालवून, गणपतीला आलेले आपण गावीच राहिलात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मी खर्चाचे रडगाणे सांगितले. आपण म्हणालात, ‘मॅडम, आधी मीटर दाखवा.’ मी भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बोट दाखवले, ते आठवून शिपाईमामा अजून हसतात.

प्रत्येक यंत्राच्या पोटात छापलेल्या पानांची मोजणी असते आणि ती यंत्र स्वतःच कागदावर छापून देते, ही गोष्ट आम्हा कोणालाही माहीत नव्हती. कुठे एक बटण काही सेकंद दाबून धरून, कुठे मेनूत शिरून आपण सातही यंत्रांचे आकडे काढलेत आणि ते सात कागद माझ्या टेबलावर ओळीने मांडलेत. चौदा महिन्यांत सर्व मिळून सुमारे 1,12,000 पाने छापली गेली होती आणि त्यांपैकी 61,000 एकट्या स्टाफरूममधल्या प्रिंटरवर. तो प्रिंटर सगळ्यांत लहान होता. त्याची कार्ट्रिज कंपनीच्या हिशेबाने 2,000 पानांची. पण तो आकडा पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा होईल असे धरून काढलेला असतो आणि आमच्या दाट टाइपातल्या प्रश्नपत्रिका त्याच्या कितीतरी पुढे जातात. रिफिल केलेली कार्ट्रिज आमच्याकडे अकराशे पानांत फिकी पडत असे. शाळेची मुले हजाराच्या आसपास आणि एका सत्र परीक्षेला प्रत्येकी सरासरी 28 पाने, म्हणजे एका परीक्षेची 28,000 पाने आम्ही टेबलावरच्या प्रिंटरांवर छापत होतो. ‘बैलगाडीचे ओझे सायकलवर’ असे आपण म्हणालात, त्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

मग कॉपियर कुठे होता? तो आठ महिने कापडाखाली झाकून ठेवलेला होता. प्रत्येक प्रतीवर एक बारीक काळी उभी रेघ येत असे. पाहायला आलेल्या विक्रेत्याने ‘ड्रम गेला, यात पैसे घालू नका’ असे सांगून नव्या मशीनचे दरपत्रक ठेवले होते. आपण एक कागद वरच्या फीडरमधून घातलात, रेघ आली. तोच कागद झाकण उघडून काचेवर ठेवलात. रेघ आली नाही. प्रत्येक प्रत ड्रमवरूनच उमटते, तो खराब असता तर रेघ दोन्हीकडे आली असती, असे म्हणून आपण मोठ्या काचेच्या कडेला असलेली बोटभर रुंदीची काचपट्टी दाखवलीत. फीडरमधला कागद तिच्यावरूनच सरकतो, त्यामुळे पट्टीवरचा एक ठिपका संपूर्ण पानावर रेघ होऊन उमटतो. ठिपका होता व्हाइटनरचा. कोणीतरी खाडाखोड करून ओली प्रतच फीडरमध्ये घातली असणार. आपण तो नखाने खरवडून काढलात आणि काच पुसलीत. नखभर व्हाइटनरपायी एवढे मोठे यंत्र आठ महिने झाकून ठेवले, याची मला आजही लाज वाटते.

दरपत्रकही आपण ओळ न ओळ वाचलेत. टोनर, सुटे भाग आणि सेवा धरून प्रति कॉपी दर, ज्याला या धंद्यात एफएसएमए म्हणतात, तो दर वरवर पाहता रास्त होता. पण खाली दरमहा किमान 6,000 प्रतींचे बिल द्यावे लागेल, अशी अट होती. आपण माझ्याकडून महिन्यांची यादी करून घेतलीत. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये आमची छपाई वीस हजारांच्या वर जाते आणि मे महिन्यात तीनशेही होत नाही, म्हणजे सुट्टीत कुलूपबंद खोलीतल्या यंत्राचे पैसे शाळेने भरायचे. असा करार करायचाच असेल तर किमान प्रतींचा हिशेब वर्षावर मागावा, ए-थ्री कागदाची एक प्रत दोन धरतात का ते विचारावे आणि कागद करारात नसतो हे लक्षात ठेवावे, असे आपण सांगितलेत. रंगीत मशीनविषयी तर आपण एक गोष्ट दाखवलीत जी मी आजवर अनेकांना सांगितली आहे : काळ्या मजकुरात निळ्या अक्षरांतला एखादा ई-मेल पत्ता असला तरी ते अख्खे पान रंगीत म्हणून मोजले जाते.

कागदाचा प्रसंग वेगळाच. खर्च म्हणजे टोनर, कागद काय किरकोळ, असे मी म्हणाले, तेव्हा आपण पेन्सिल हातात दिलीत. रिम 260 रुपयांची, म्हणजे एक कागद 52 पैशांचा. रिफिल 350 रुपयांची आणि पाने अकराशे, म्हणजे पानामागे शाई 32 पैशांची. चौदा महिने आम्ही शाईच्या नावाने ओरडत होतो आणि कागद मात्र एकाच बाजूने छापून खर्ची घालत होतो. त्याच दिवशी आपण सगळ्या संगणकांवर दोन्ही बाजूंची छपाई आपोआप होईल अशी व्यवस्था केलीत. एका बाजूला हवे असेल त्याने मुद्दाम निवडावे. त्यानंतर आपण न फोडलेली एक रिम उचललीत आणि समोरच्या किराणा दुकानात जाऊन काट्यावर ठेवलीत. 75 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणाऱ्या, ए-फोर कागदाची 500 पानांची रिम वेष्टन सोडून 2 किलो 340 ग्रॅम भरायला हवी. आमची वेष्टनासकट 2 किलो 190 भरली. म्हणजे आत 70 जीएसएमचा कागद होता आणि आम्ही 75चे पैसे मोजत होतो. काटा पाहून दुकानदार म्हणाला, ‘मास्तर, तांदळाला पण असेच या.’ तेव्हापासून कागद आला, की शिपाईमामा त्यातली एक रिम समोर नेऊन तोलतात आणि पुरवठादारानेही त्यानंतर एकदाही तक्रारीला जागा ठेवलेली नाही.

कोकणातला पावसाळा आपल्याला मुंबईहून जास्त ठाऊक. जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो, बाहेर येताना वळतो, दोन-दोन पाने एकदम आत जातात आणि दोष प्रिंटरला लागतो. रिम हवी तेवढीच फोडायची, संध्याकाळी ट्रेमधला कागद काढून परत वेष्टनात गुंडाळायचा, घालण्यापूर्वी फुलवून घ्यायचा आणि कागदाच्या लोखंडी कपाटात जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब लावायचा, हे सारे आता शिपाईमामांच्या अंगवळणी पडले आहे. एलईडी बल्ब लावून मी एकदा चूक केली होती. त्याला ऊबच नसते.

परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांसाठी आपण थेट संस्थेच्या महाविद्यालयात चौकशी केलीत आणि तिथे धूळ खात पडलेला डिजिटल डुप्लिकेटर, ज्याला सगळे रिसो म्हणतात, सुरू करून दिलात. पूर्वीच्या सायक्लोस्टाइलचा हा नातू. पानाचा एक मास्टर, म्हणजे स्टेन्सिल, कापला जातो आणि मग थंड शाईने शेकडो प्रती निघतात. फ्यूजर तापवायचा नसल्यामुळे वीजही कमी लागते. एका इयत्तेच्या सरासरी 170 प्रती असल्यामुळे मास्टरची किंमत सहज वाटली जाते; वीस प्रतींसाठी मात्र तो परवडत नाही, हेही आपण बजावले होतेत. पहिल्या परीक्षेला आम्ही शाई वाळण्याआधीच मागची बाजू छापली आणि गणिताच्या पेपरला आठवीच्या मुलांची बोटे काळी झाली. ती चूक सर्वस्वी आमची.

आपली एक युक्ती मात्र फसली, हे प्रामाणिकपणे नोंदवते. प्रत्येक शिक्षकाला कॉपियरचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक द्यावा, म्हणजे कोणी किती छापले ते कळेल, असे आपण सुचवलेत. आठवडाभरात सगळी शाळा मुख्याध्यापकांच्या क्रमांकावर छापू लागली. आपण खळखळून हसलात आणि त्याऐवजी दोनशे पानी वही मशीनला दोरीने बांधून ठेवायला सांगितलीत : तारीख, काम, प्रती, सही. रोज शाळा सुटताना मीटरचा आकडा. त्या वहीमुळे कोणाला रागावण्याची वेळ आली नाही. स्वतःच्या हाताने ‘शासन निर्णय, 16 पाने, 1 प्रत’ असे लिहिताना वर तीच नोंद आधीच तीनदा दिसली, की माणूस आपणहून थांबतो. आता शासन निर्णय आला, की त्याच्या अखेरीस दिलेला संकेतांक आम्ही आवक नोंदवहीत लिहितो, फलकावर एकच प्रत लावतो आणि ज्याला हवा तो संकेतस्थळावर वाचतो.

सातांपैकी तीन यंत्रे आज चालू आहेत : कॉपियर, वेतनदेयकांसाठी कार्यालयातला एक लेझर आणि प्रमाणपत्रांसाठी शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटर, ज्यावर मे महिन्यातही आठवड्याला एक रंगीत पान काढायचे, नाहीतर हेड सुकते आणि साफसफाईतच शाई संपते. दोन लेझर संस्थेच्या प्राथमिक शाळेला दिले. स्टाफरूममधला झिजलेला प्रिंटर आणि बिघडलेला दुसरा रंगीत असे दोन्ही, रिकाम्या कार्ट्रिजसह, आपण सांगितल्याप्रमाणे भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे पाठवले. 2023-24 या आर्थिक वर्षात टोनर, कागद आणि दुरुस्ती यांवरचा खर्च आदल्या वर्षाच्या निम्म्याहून किंचित अधिक आला. टोनर आणि दुरुस्तीत घट मोठी आहे, कागदात अपेक्षेपेक्षा कमी. पालकांना द्यायच्या सूचनापत्रांचे काय करावे, हे आम्हाला अजून सुटलेले नाही.

या सगळ्याबद्दल आपण एसटीचे भाडे आणि चहा याखेरीज काही घेतले नाहीत. नवे मशीन विकत घ्यायला लावून एखाद्या विक्रेत्याकडून दलाली मिळवणे आपल्याला अवघड नव्हते. आमच्या शाळा समितीने आपला सत्कार करण्याचा ठराव केला होता, तोही आपण ‘शाल पावसात वाळत नाही’ असे म्हणून टाळलात. म्हणून समितीच्या, मुख्याध्यापकांच्या, शिपाईमामांच्या आणि माझ्या वतीने हे आभार.

दोरीला बांधलेली पहिली वही गेल्या शनिवारी भरली. दुसरी बांधली आहे आणि तिच्या पहिल्या पानावरचा मीटरचा आकडा शिपाईमामांनी स्वतः लिहिला आहे. फीडरमधून पुन्हा एक फिकट रेघ येऊ लागली होती. काचपट्टी त्यांनीच पुसली आणि रेघ गेली. पिकअप रोलर मात्र अलीकडे दोन पाने एकदम उचलतो, तेव्हा नातीला शाळेत सोडायला याल त्या दिवशी पाच मिनिटे आत यावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
मुख्य लिपिक