वनमंत्र्यांना खुले पत्र: वणव्याचा धूर कोणाच्या हिशेबात धरायचा?

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातला हंगामी वनमजूर, म्हणजे कागदोपत्री फायर वॉचर. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधीच्या बैठकीत आम्हाला धुराचे मास्क, जाड तळाचे बूट आणि छातीची तपासणी मिळेल असे सांगण्यात आले होते आणि टाळ्याही आम्हीच वाजवल्या होत्या. एप्रिल निम्मा सरला तरी यातले काहीही आले नाही, आणि गेल्या आठवड्यात आग अडवताना मी जाळरेषेवरच, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरच, कोसळलो.

अहवालात 'उन्हामुळे भोवळ' एवढेच लिहिले गेले, म्हणून उरलेले मी लिहितो. पाठीवर पालापाचोळा उडवणारा दहा किलोच्या आसपासचा ब्लोअर, सावलीतही बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि समोर फटाफट फुटणारा वाळका बांबू, अशा स्थितीत घाम सुकून सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उठतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू तुटून त्यांचा भार मूत्रपिंडांवर आला, असे डॉक्टर म्हणाले. रात्री खोकताना अजूनही काळपट बेडका पडतो. सलाइनचा खर्च अर्थातच माझ्या खिशातून झाला.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो आणि ओल्या रुमालाने तो अडत नाही. आमच्याकडे मात्र रुमालच आहे, तोही घरचा. वाघाच्या गळ्यात काही लाखांची रेडिओ कॉलर असते म्हणतात; वाघाचा आम्हाला हेवा नाही, पण निदान तो कुठे आहे आणि कसा आहे याची विचारपूस तरी होते. अग्निशमनाचे काम कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये जाहीर केले, म्हणजे ते तंबाखूच्या गटात बसवले. तंबाखूच्या पुडीवर निदान इशारा तरी छापलेला असतो.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात 8 एप्रिल 2021 रोजी वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून मेले, तेव्हा शोक व्यक्त झाला. मात्र जो तिथे मरत नाही, पण पाचेक वर्षांनी दम लागून बांधावर बसतो, त्याची नोंद ठेवणारी वही कोणत्याही कार्यालयात नाही, कारण हंगामी माणसाचा आजार कायमचा असू शकतो हे व्यवस्थेला मान्यच नाही. उपग्रहाला आग दिसते, तिचा संदेश मोबाइलवर येतो, आणि संदेशाच्या शेवटच्या टोकाला पळसाची फांदी घेऊन ज्वाळा झोडपणारा मीच असतो. मोहफुले वेचता यावीत आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पालापाचोळा पेटवणारेही पुष्कळदा आमच्याच गावचे असतात. पोट भरण्याची दुसरी सोय न देता त्यांच्यावर गुन्हे आणि आमच्या हाती फांदी, यालाच बहुधा वनव्यवस्थापन म्हणत असावेत.

मागण्या तीनच आहेत: कबूल केलेली साधने, हंगामाआधी व नंतर फुप्फुसे आणि मूत्रपिंडांची सरकारी खर्चाने तपासणी, आणि हंगामी मजुरालाही आजारपणाची भरपाई. हंगाम 15 जूनला संपतो. उत्तर त्याआधी द्यावे, कारण 16 जूनपासून आम्ही आपल्या खात्याचे कोणीच नसतो.

आपला,
एक हंगामी वनमजूर