मनूचा ताप उतरलाय

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "तापाची पोर, तिला तिच्या आईकडे, मुक्ताकडे सोडून ये, बापाला काय कळतंय!" मनू शेजारीच झोपली होती, म्हणून तेव्हा बोललो नाही.

ताप उतरलाय. आम्ही वेगळे झाल्यावर ठरलंय तसा हा आठवडा माझा होता, म्हणून ती इथेच राहिली. मुक्ता ऑफिसला जाताना बघून गेली. आता नवीन काम म्हणजे उवा. वर्गात साथच आलीय. रोज संध्याकाळी केस ओले करून कंडिशनर लावतो, एकेक बट सुटी करून बारीक फणीने मुळापासून विंचरतो आणि फणी पांढऱ्या रुमालाला पुसतो. लिखा सगळ्यात जास्त कानामागे असतात. मला हे येत नव्हतं, पण मुक्ताला तरी कुठे येत होतं?

बाबा, तुमचं उलटंच. कायद्याने बापच पालक, मग मनूचे निम्मे दिवस मुक्ताला द्यायचे कशाला, म्हणता. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात आधी वडील, मग आई, हे खरं. पण त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असंही आहे. म्हणजे सही बापाची, शी-शू आईची! आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? प्रगतिपुस्तकावर सही तुमची, आणि मी कितवीत आहे हे तुम्ही आईला विचारायचात. (रागावू नका.) 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात वडील हयात असतानाही आई पालक ठरू शकते, असं सांगितलं. 2015 मध्ये विधी आयोगाने (तो सरकारला कायद्यांत सुधारणा सुचवतो) दोघांना बरोबरीचा दर्जा द्या, मुलाच्या संयुक्त ताब्याचीही सोय करा, अशी शिफारस केली. आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे आम्ही दोघांनी संमतीने लिहून दिलेल्या अटींत, तेच आहे: आठवडा तिचा, आठवडा माझा, फी निम्मी-निम्मी.

खरं खुपतं ते वेगळंच. माझ्या मोकळ्या आठवड्यात मी राजगडला गेलो, तर "जरा मन रमव बाबा." मुक्ता तिच्या मोकळ्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर गोव्याला गेली, तर "पोर टाकून हिंडते." आई, हे तू मावशीला म्हणालीस आणि मनूने ऐकलं. तिने मला विचारलं, आईने मला टाकलं का? हे बोलणं बंद कर. मुक्ताशी माझं पटलं नाही, पण मनूच्या आईबद्दल या घरात कोणी वाकडं बोलायचं नाही.

रविवारपासून मनू मुक्ताकडे. त्यानंतरचा आठवडा माझा, तेव्हा या. आई, येताना भाजणी आण. थालीपीठ मी लावतो, तू मनूला घेऊन बस.

तुमचा,
सचिन