कूबर पेडीचं गणित नागपुरात बसत नाही

मा. संपादक,
स. न.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की जमिनीखालच्या घरांवर कुठे ना कुठे लेख येतोच. गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीवर छापलात. फोटो देखणे होते. पण 'विदर्भानेही हा मार्ग धरावा' हे शेवटचं वाक्य वाचून नागपूरलगतच्या बेसा इथे प्लॉट घेतलेल्या माझ्या भाच्याने सकाळी सातलाच फोन केला, "मामा, खाली एक खोली खणू का?" माझी सगळी नोकरी मॅंगनीजच्या खाणीत, सर्वेक्षणात गेली. म्हणून त्याने मला विचारलं. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

कूबर पेडी हे अॅडलेडच्या उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, म्हणजे नागपूर-मुंबई एवढ्या अंतरावर, वाळवंटात वसलेलं गाव. १९१५ च्या फेब्रुवारीत सोनं शोधायला निघालेल्या एका टोळीतला विली हचिसन हा १४ वर्षांचा पोरगा पाण्यासाठी भटकत होता, आणि त्याला ओपल हे रत्न सापडलं. सुरुवातीला गावाला स्टुअर्ट रेंज ओपल फील्ड म्हणत. १९२० मध्ये आताचं नाव पडलं. 'कूपा पिटी' या मूळ रहिवाशांच्या शब्दांवरून ते आलं आणि त्याचा अर्थ 'गोऱ्या माणसाचं बीळ' असा सांगतात. आपल्या लेखात नावाचा हा अर्थ नाही, आणि १९४६ मधली टॉटी ब्रायंटही नाही. गावाचा धंदा मंदावला होता, तेव्हा याच आदिवासी बाईला एट माइल भागात मोठा ओपल मिळाला आणि खाणकाम पुन्हा जोमात आलं. पुढे युरोपातून माणसं आली. जमिनीखालचं सर्बियन चर्च त्यांचंच.

घरं कशी झाली हेही पाहा. पहिल्या महायुद्धाहून परतलेले सैनिक ओपल खणायला आले. बांधायला लाकूड नाही, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. खणलेली पोकळी तर समोरच होती. तिथलं वालुकाश्म खणायला मऊ आणि तरी छत धरून ठेवणारं. (छत धरून ठेवणारा दगड ही काय चीज आहे हे खाणीत उतरलेल्यालाच कळतं. आमच्याकडे 'छत बोलतं' म्हणत. ते बोलू लागलं की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं.) आज तिथली निम्मी-अर्धी वस्ती अशा घरांत राहते आणि आत वर्षभर २३ ते २५ अंश असतं. गावात खाणकामाला बंदी आहे, पण घर वाढवायला खणलं आणि ओपल लागला तर काय करणार, अशी तिथली थट्टा आहे. प्यायचं पाणी मात्र चोवीस किलोमीटरवरच्या बोअरमधून येतं आणि क्षार काढून पुरवलं जातं.

आता आपलं बघू. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ येऊन थांबतं. कूबर पेडीच्या रात्री आणि हिवाळा थंड, म्हणून तिथली सरासरी २१ च्या आसपास. नागपूरची २७ च्या जवळ. म्हणजे भाच्याच्या खोलीभोवतीची जमीन जन्मतःच तिथल्यापेक्षा सहा अंश गरम. मे महिन्यात ४५ च्या उन्हातून आत शिरलं की २७ बरं वाटेल, मान्य. पण मग जून येतो. तिथे वर्षाला दीडशे मिलिमीटरदेखील पाऊस नाही, आपल्याकडे अकराशेच्या घरात. कोंदट दमट खोलीत २७ अंश म्हणजे काय, हे आषाढात कूलरसमोर बसून घाम पुसणाऱ्या नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

आणि माती? शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, त्यावर काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला ती दरवर्षी ढकलते आणि सोडते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि तळमजल्यांवरून माणसं बोटींनी काढावी लागली. कूबर पेडीचं वालुकाश्म उचलून इथे आणता येत नाही, आणि आपला पावसाळा तिकडे पाठवता येत नाही.

त्या गावाची दुसरी बाजूही फोटोत येत नाही. भोवताली हजारो उघडे शाफ्ट, म्हणजे खाणीचे उभे खोल खड्डे, आहेत, न बुजवलेले. 'मागे चालू नका' अशा पाट्या लावाव्या लागतात, कारण फोटो काढताना दोन पावलं मागे सरकलेला माणूस थेट खाली जाऊ शकतो. बुजवायचं राहून गेलेल्या खड्ड्यांवर हेडलाइन होत नाही, गारव्यावर होते.

गारव्यासाठी आपल्या आज्यांनी जे केलं ते कमी खर्चाचं होतं: वाळ्याच्या ताट्या, गच्चीला चुना, अंगणात कडुनिंब. पुढच्या लेखात पांढऱ्या गच्चीवर दोन रकाने द्यावेत, ही विनंती.

भाच्याला मी सांगितलंय, आत्ता प्लॉटवर पुरुषभर खोल एक खड्डा खण, कठडा घाल, आणि ऑगस्टमध्ये मला घेऊन चल. मग बघू त्यात काय साठलंय.

आपला वाचक,
एक निवृत्त खाण सर्वेक्षक, नागपूर