नोकरी शाबूत आहे, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोनदोनदा विचारलंत, "नोकरीत सगळं ठीक ना?" मागून आईचा आवाज, "मग रात्री बाराला कसला अभ्यास करतेस या वयात?" फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहिते. नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर होतो. आयटीतल्या कपातीच्या बातम्या लागल्या की खुशाल आईची मालिका लावा.

झालंय एवढंच की, कॉलेजनंतर सुटलेलं कोडिंग मी पुन्हा हातात घेतलंय.

माझं काम यूएक्सचं. अ‍ॅप उघडल्यावर माणसाला आधी काय दिसावं, बटण कुठे असावं, हे लोकांशी बोलून ठरवायचं, फिग्मा नावाच्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन काढायच्या आणि डेव्हलपरच्या हवाली करायच्या. मग तो म्हणतो, "हे होणार नाही," आणि मी म्हणते, "बरं." आता या "बरं"चा कंटाळा आलाय. ते खरंच होण्यासारखं नसतं, की शुक्रवार असतो म्हणून होत नसतं, हे मला कळायचंच नाही.

बाबा, तुम्ही पाटबंधारे खात्यात अनुरेखक. ट्रेसिंग कागदावर रॉट्रिंग पेनने रेघा ओढायच्या, एवढंच काम. तरी साहेबांच्या जीपमध्ये मागे बसून चारीवर जायचात. आई कुरकुरायची, पण परत आल्यावर कुठल्या शीटवरचा उतार जमिनीवर उतरणार नाही हे तुम्ही बिनदिक्कत सांगायचात. मला तेवढंच यायला हवंय. डेव्हलपर व्हायचं नाहीये.

सगळंच बदललंय, हे मात्र खरं. कॉलेजात वेबपानावर तीन रकाने शेजारी-शेजारी उभे करायचे तर 'फ्लोट'ची कसरत करावी लागे, आणि तीही इंटरनेट एक्सप्लोररवर कोसळायची. २०१७ साली सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये 'ग्रिड' ही रकाने मांडायची सोय आली आणि तेच काम दोन-तीन ओळींत व्हायला लागलं. मी तेव्हा रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवण्यात गुंतले होते. पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा, जावास्क्रिप्ट, तर ओळखूच येईना.

पुस्तकातली उदाहरणं सोडवायचा मला पहिल्यापासून कंटाळा. म्हणून आईच्या भिशीचं पान करायला घेतलंय. कुणी पैसे दिले, या महिन्यात कुणाचा नंबर, पुढे कोण, बस.

पहिली अडचण नावांची. प्रत्येकीच्या नावापुढे गोल आणि गोलात नावाची पहिली दोन अक्षरं, हे मी वर्षानुवर्षं चित्रात काढत आलेय. कोडमध्ये स्मिताकाकूंच्या नावातून पहिली दोन उचलली तर गोलात आलं 'स्', पाय मोडलेलं! कॉम्प्युटरच्या लेखी स, हलन्त, म आणि वेलांटी ही चार वेगळी चिन्हं. त्याने इमानदारीने दोन उचलली. 'नमस्ते' तुम्ही तीन अक्षरांचं म्हणाल, तो सहा मोजतो. यावर 'सेगमेंटर' नावाची, शब्दाची अक्षरं पाडून देणारी सोय आहे, पण तीही जुन्या ब्राउझरमध्ये 'स्' आणि 'मि' वेगळेच धरते. शेवटी गोलच काढून टाकला. अख्खं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात. काकूंना कुठे गोल हवा होता?

दुसरी गोष्ट आई, तुझ्याचमुळे कळली. तू फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवतेस, आणि मग एकेका अ‍ॅपमध्ये बटणावर 'पैसे जमा'मधलं 'पैसे' एवढंच दिसतं. तुला वाटतं फोन बिघडलाय. तसं काही नाही. कुणीतरी बटणाची उंची ४८ पिक्सेल अशी ठोकून दिलेली असते. अक्षरं वाढतात, बटण वाढत नाही, उरलेला मजकूर कापला जातो. तिथे 'हाइट'ऐवजी 'मिन-हाइट' लिहिलं की बटण गरजेपुरतं उंच होतं. एका शब्दाचं काम! फिग्मातल्या चित्रात सगळ्यांची नजर पंचविशीतली असते, म्हणून तिथे हे कधी दिसतच नाही. परवा ऑफिसात "होणार नाही" ऐकल्यावर मी फाईल उघडून ती ओळ दाखवली. झालं की मग, दहा मिनिटांत.

आकड्यांचं कौतुक बाबांना. मराठी मांडणी निवडली की 125000 चं आपोआप १,२५,००० होतं, आकडेही आपलेच, स्वल्पविरामही लाखाच्या जागी.

आणि हो, हल्ली एआयला सांगितलं की तो असं पान चुटकीसरशी लिहून देतो. मीही विचारते त्याला. पण त्याने दिलेल्या पहिल्याच पानात फिकट राखाडी अक्षरं होती, पांढऱ्यावर. साध्या मजकुराला अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ला १ एवढा फरक लागतो, तो तिथे नव्हता. कोड वाचता येणारं माणूस हवंच की.

आई, पान तयार आहे, लिंक बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. पण तुझ्याच फोनवर उघड, अक्षरं आहेत तेवढीच मोठी ठेवून, आणि 'जमा' पूर्ण दिसतंय का ते सांग. हिशेब फक्त तुझ्या फोनमध्ये राहतो, कुठे जात नाही. ब्राउझर साफ केलास तर मात्र जाईल, म्हणून तुझी वही बंद करू नकोस. आणि स्मिताकाकूंचा नंबर कुठल्या महिन्यात लागलाय ते कळव, मी अंदाजाने मार्गशीर्षात टाकलाय.

तुमची,
मनू