आधी मोबाईल नंबर, मग अर्ज

महोदय,

सासर सोडून आलेली बाई लेकरांना घेऊन निवारा केंद्रातून बाहेर पडली की जो तो तिला सांगतो, 'आधी संजय गांधीचा फॉर्म भर,' म्हणजे निराधारांना दरमहा अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेचा. सांगली-मिरजेत अशा महिलांची कागदपत्रे करून देणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचे सांगणे उलटे आहे. तो फॉर्म सगळ्यात शेवटी भरायचा. आधी मोबाईल, मग आधार, मग बँक. हा क्रम चुकला की मंजूर झालेले पैसेसुद्धा तिच्या हाती पडत नाहीत.

बहुतेकींच्या आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि बायको काय हालचाल करते आहे हे त्याला बसल्या जागी कळते. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, त्याला दुसरा कागद लागत नाही. कार्ड सासरी राहिले आणि आकडाही पाठ नसला, तरी ठशांवरून तो शोधता येतो. पत्त्यासाठी निवारा केंद्राचा दाखला चालतो, पण तो आधारच्या ठरलेल्या नमुन्यात आणि फोटोवर सही-शिक्का येईल असा हवा. साध्या लेटरहेडवर लिहून दिलेला दाखला खिडकीवरून परत येतो आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. निवारा केंद्रांनी हा नमुना छापून ठेवायला काय हरकत आहे?

सगळ्यात जास्त घोळ बँकेत होतो. अनुदान पासबुकावरच्या नंबराकडे बघून येत नाही. ज्या खात्याला आधार शेवटचे जोडले गेले, तिकडे ते जाते. ते खाते जुने असेल आणि एटीएम सासूकडे असेल, तर पैसे तिथेच जमा होत राहतात. शून्य शिलकीचे नवे खाते काढले म्हणजे आधार आपोआप जोडले गेले, असे नाही. त्यासाठीचा संमतीचा फॉर्म वेगळा मागून घ्यावा आणि आठवडाभराने जोडणी झाली का ते विचारावे.

आता संजय गांधी योजनेबद्दल. महिन्याला १५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवे. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई खरे उत्पन्न सांगून यात बसूच शकत नाही. ही मर्यादा बदलल्याशिवाय योजनेला अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात महाराष्ट्रात १५ वर्षांच्या रहिवासाची अट. कर्नाटकातल्या अथणी, विजापूरकडून लग्न होऊन मिरज किंवा जत तालुक्यात आलेल्या मुली इथेच अडकतात.

त्यामानाने बालसंगोपन योजना दुर्लक्षित राहते, कारण ती फक्त अनाथांसाठी आहे असा समज आहे. एकच पालक असलेल्या मुलांनाही ती लागू आहे. दरमहा मुलामागे २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बाल कल्याण समितीची.

शाळेचा दाखला सासरच्या गावी अडकला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ तसे स्पष्ट सांगते. मुख्याध्यापकांना ते तोंडी न सांगता छापील दाखवावे. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलेला तिथे उत्पन्नाची अट नाही.

शेवटी खोली. सांगलीत स्वस्त खोल्या बहुधा सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर भागात सापडतात, आणि कृष्णा चढू लागली की पाणी आधी तिथेच शिरते. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. डिपॉझिट देण्याआधी शेजाऱ्यांकडून त्या साली पाणी भिंतीवर कुठवर आले होते ते विचारून घ्यावे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर निदान भाड्याची पावती तरी दरमहा मागावी.

आपल्या,
निराधार महिलांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, सांगली