वय वंदना कार्ड मिळाले, पुढे काय?

महोदय,

सत्तरीपुढच्यांना रुग्णालयात मोफत उपचार देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेची ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डे किती वाटली याचे आकडे अधूनमधून छापून येतात. त्या कार्डावर काय मिळते आणि गाडी कुठे अडते, हे बहुतेकांना रुग्णालयाच्या काउंटरवरच कळते. तेव्हा फार उशीर झालेला असतो, म्हणून हा खुलासा.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेला उत्पन्नाची अट नाही आणि हप्ताही नाही. वय ७० पूर्ण हवे, आणि ते आधारवरील जन्मतारखेवरून धरले जाते. त्यामुळे आधारवर दोन-चार वर्षे कमी लागलेली माणसे खऱ्या वयाची असूनही बाहेर राहतात. अशांनी आधी आधार दुरुस्त करावे, मात्र जन्मतारीख बदलण्याची मुभा साधारणपणे एकदाच मिळते, तेव्हा पुरावा नीट पाहूनच अर्ज करावा.

संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे, पण ते कुटुंबाला मिळून. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांचे उपचार त्याच रकमेतून होतात. पत्नी ६६ वर्षांची असेल तर ती या कार्डात येत नाही; महाराष्ट्रात तिच्यासाठी शिधापत्रिकेवर महात्मा फुले जन आरोग्य योजना तपासावी. घरात आधीपासून कुटुंबाचे (सर्व वयांसाठीचे) आयुष्मान कार्ड असेल तर ज्येष्ठांना स्वतंत्र ५ लाख मिळतात आणि त्यांत मुलासुनांचा वाटा नसतो. त्यासाठी जुने कार्ड चालत नाही, पुन्हा ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करून नवे काढावे लागते. हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही.

कार्ड ‘आयुष्मान’ ॲपवर, सेवा केंद्रात किंवा योजनेतील रुग्णालयात निघते. आधारला जोडलेला मोबाइल बंद पडला असला की ओटीपी येत नाही. उतारवयात बोटांचे ठसे झिजल्याने यंत्र ते ओळखत नाही. अशा वेळी चेहरा किंवा डोळ्यांच्या बुबुळांची पडताळणी मागावी, ती सोय आहे. ‘ठसे जुळत नाहीत’ म्हणून परत पाठवले तर तिथेच विषय सोडू नये. ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगू नये.

आता मुख्य मुद्दा. हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, कवळी यांचा खर्च खिशातूनच करावा लागतो. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झाल्यासही लाभ मिळत नाही. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे रात्रभर न थांबता होणारे उपचार मात्र त्यात बसतात. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो, वाट पाहण्याचा कालावधी नाही. खासगी विम्याची सवय असलेल्यांना हे खरे वाटत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्याच आजाराशी संबंधित तपासण्या व औषधेही पॅकेजमध्येच, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेल्या रकमेतच, येतात. डिस्चार्जच्या वेळी ही औषधे हक्काने मागावीत, नाहीतर चिठ्ठी हातात देऊन बाहेरच्या दुकानात पाठवले जाते.

सर्वात जास्त घोटाळा रुग्णालय निवडताना होतो. ‘हे रुग्णालय योजनेत आहे’ एवढे ऐकून पुरत नाही, कारण मान्यता विभागवार असते. डोळ्यांसाठी योजनेत असलेल्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया कार्डावर होईलच असे नाही. शिवाय काही पॅकेजेस सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून आधीच फोन करून आजाराचे नाव सांगून विचारावे आणि योजनेच्या खिडकीवरील आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्यावी. योजनेबाहेरच्या रुग्णालयात पैसे भरून बिल नंतर सादर करण्याची सोय यात नाही. दुसऱ्या राज्यात मुलाकडे राहणाऱ्यांनाही योजना लागू असलेल्या राज्यात हे कार्ड चालते.

दाखल होताच कार्ड दाखवावे. नियोजित शस्त्रक्रियेत रुग्णालय आधी ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते. ती येण्यापूर्वी ‘तोपर्यंत अनामत भरा’ असे सांगितले तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि आरोग्यमित्राला बोलवावे. घरी सोडताना कोणत्या उपचारासाठी किती रक्कम वळती झाली हे विचारून घ्यावे. न झालेल्या उपचारापोटी रक्कम कापली गेली तर पुढच्या आजारपणात तेवढी कमी पडेल. कोऱ्या फॉर्मवर सही करणे तर सर्वात वाईट.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असणाऱ्यांना ती किंवा वय वंदना यांपैकी एकच निवडावे लागते. आमच्या मते त्यांनी घाईने कार्ड काढू नये, कारण त्यांच्या योजनेत बाह्यरुग्ण औषधेही मिळतात आणि उतारवयात खरा दरमहा खर्च तोच असतो. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) किंवा खासगी विमा असणाऱ्यांना मात्र दोन्ही ठेवता येतात. त्यामुळे वय वंदना कार्ड आले म्हणून वर्षानुवर्षे भरलेली खासगी पॉलिसी बंद करण्याचे कारण नाही. एखादे रुग्णालय योजनेत नसेल तेव्हा तीच उपयोगी पडते.

दाखल करून घेण्यास नकार किंवा पैशांची मागणी झाली तर १४५५५ या क्रमांकावर, महाराष्ट्रात १५५३८८ वरही, रुग्ण रुग्णालयात असतानाच तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. जी काही पावती मिळाली असेल तिचा फोटो काढून ठेवावा.

— एक वाचक