पुण्याचे मालक, लँकेशरचा क्लब

प्रेस्टन, लँकेशर
रविवार, रात्र

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" म्हणून विषय टाळला, कारण ते भात शिजेपर्यंत सांगून होण्यातलं नव्हतं. पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या कंपनीवाल्यांनी पंधरा वर्षं इथल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबमध्ये पैसा ओतला, तरी लोक त्यांना शिव्या का घालतात? ते आपल्याकडचे आहेत म्हणून का?

आधी त्या शेवटच्या शंकेचं बघू. रंगावरून, देशावरून बोलणारे इथे नाहीतच असं मी म्हणणार नाही. पण हा राग तिथून आलेला नाही. ब्लॅकबर्नमध्ये भरूच-सुरतकडच्या मुसलमानांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. 2022 मध्ये ईदची नमाज रोव्हर्सच्या मैदानावर झाली, इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांत हे पहिल्यांदाच घडलं. त्या घरांतली पोरं माझ्याबरोबर कामाला आहेत. मालकांचा विषय निघाला की ती सगळ्यांच्या वर आवाज चढवतात.

शिवाय श्रीमंत माणसाचा पैसा या लोकांना वर्ज्य आहे असंही नाही. रोव्हर्स 1875 चा क्लब, 1888 मध्ये लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. पण 1995 चं प्रीमियर लीगचं, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं, विजेतेपद मिळालं ते जॅक वॉकरच्या पोलादाच्या पैशावर. अ‍ॅलन शिअररला 1992 मध्ये ब्रिटनमधली तोवरची विक्रमी किंमत मोजून आणला होता. बाकीचे क्लब "विकत घेतलेली ट्रॉफी" म्हणून नाक मुरडायचे, ब्लॅकबर्नला त्याचं काही नव्हतं. वॉकर गावातला. तो स्टँडमध्ये बसायचा, चुकलं तर लोक तोंडावर बोलायचे. 2000 मध्ये तो गेला, क्लब त्याच्या ट्रस्टकडे राहिला, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये 2 कोटी 30 लाख पौंडांना वेंकीजकडे आला. तेव्हा पुण्यातल्या पेपरांत काय कौतुक होतं, आठवतंय ना? 2011 मध्ये टीम बालेवाडीत पुणे एफसीशी खेळूनही गेली.

महिना उलटला नाही तोच मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरावर होती, म्हणजे बोंब मारण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या जागी स्टीव्ह कीन हा सहायक बसवला, लोक ओरडत राहिले आणि तो टिकला. मे 2012 मध्ये विगनशी घरच्या मैदानावर मॅच होती. कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा धंदा कोंबड्यांचा, त्यामुळे निरोप कुणाला उलगडून सांगावा लागला नाही. त्याच रात्री टीम हरली आणि प्रीमियर लीगमधून खाली गेली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग 57 दिवस मॅनेजर राहिला, बाकीचेही आले नि गेले. 2017 मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. वर्षभरात तिथून वर आला आणि तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये आहे.

आता पैशाचं. हे नीट वाच, कारण सगळी गोम इथे आहे. चॅम्पियनशिप हा तोट्याचा धंदा आहे, आणि तो सगळ्यांना माहीत असून चालतो. प्रीमियर लीगचं तिकीट लागलं की टीव्हीचा पैसा धो धो येतो, म्हणून जो तो उत्पन्नाबाहेर पगार देतो. वरून खाली पडलेल्यांना काही वर्षं पॅराशूट पेमेंट, म्हणजे सावरायला पैसे, मिळतात, त्यामुळे त्यांच्याशी बरोबरी करायला इतरांनी आणखी खर्च करायचा. तीन वर्षांत 3 कोटी 90 लाख पौंडांपर्यंतचा तोटा तर नियमातच मान्य आहे! तो भरणार कोण? मालक. वेंकीजने आजवर 20 कोटी पौंडांहून जास्त घातलेत. हे कुणीही नाकारत नाही, त्यांना शिव्या घालणारेसुद्धा.

आणि पैसे न घालणारा मालक आला तर काय होतं, हे बघायला ब्लॅकबर्नवाल्यांना लांब जावं लागत नाही. बरी हे गाव शेजारीच आहे. 1885 चा क्लब, 2018 मध्ये एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाकडे पैसे आहेत का, हे विक्रीआधी लीगने धड तपासलंच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबला काढून टाकलं. म्हणून माझ्या शेजारचे आजोबा, कट्टर रोव्हर्सवाले, "आऊट आऊट काय ओरडता, यांच्यानंतर येणार कोण ते सांगा" म्हणतात. त्यांच्या नातवाला हे अजिबात पटत नाही. दोघंही एकाच रांगेत बसतात.

मला नातवाचं जास्त पटतं. त्याची तक्रार पैशाची नाहीच, उत्तर कुणी देत नाही ही आहे. मालक गेली कित्येक वर्षं मैदानावर फिरकलेले नाहीत. 2023 पासून तर भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, कारण सक्तवसुली संचालनालयाची चौकशी. लँकेशरमधल्या क्लबाचा पगार निघणार की नाही हे दिल्लीतल्या तारखेवर, आणि लोकांना ते कळणार बातम्यांतून! दोन लागोपाठच्या जानेवारीत नवे खेळाडू ठरले आणि कागदपत्रांच्या घोळात हातचे गेले. गावातच जन्मलेला, लहानपणापासून इथेच घडलेला अ‍ॅडम व्हार्टन 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला. त्याच वर्षी तो युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत इंग्लंडच्या संघात होता. फेब्रुवारी 2025 मध्ये टीम पाचव्या नंबरावर असताना मॅनेजर जॉन युस्टेस डर्बी काउंटी या क्लबकडे निघून गेला, आणि ती टीम तेव्हा खाली जाण्याच्या काठावर होती. वर चढणारी टीम सोडून माणूस बुडणाऱ्या टीमकडे जातो, तेव्हा घरात काय चाललंय ते लोक ओळखतात.

इथे प्रेस्टनमध्ये बघ. नॉर्थ एंड या इथल्या क्लबचे मालक हेमिंग्ज घराणं. तेही दरवर्षी तोटा भरतात, टीमही वर्षानुवर्षं मधल्या मध्ये लोंबकळते. लोक कुरकुरतात, पण कोंबडी सोडायची वेळ आलेली नाही. घराणं इथलंच आहे ना.

आता सरकारने मध्ये हात घातलाय. 2021 च्या एप्रिलमध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेत पळायचा डाव टाकला आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत माघार घेतली. त्यावर समिती बसली, चर्चा झाल्या, आणि जुलै 2025 मध्ये कायदा झाला. फुटबॉलला स्वतंत्र नियामक मिळाला. क्लबला परवाना लागणार, मालकाचा पैसा कुठून येतो ते तपासणार, मैदान परस्पर विकता येणार नाही, बोधचिन्ह नि जर्सीचा रंग बदलायचा तर प्रेक्षकांना विचारायचं. कार्डिफ सिटीच्या मालकाने 2012 मध्ये निळी टीम लाल केली होती, त्याला हे उत्तर. चांगलंच आहे. बरीच्या वेळी हे असतं तर कदाचित क्लब वाचला असता. पण मालकाने वर्षातून एकदा तरी येऊन लोकांसमोर बसावं असं कलम कुठल्या कायद्यात घालणार? प्रेक्षकांशी सल्लामसलत करा म्हटलं की क्लब एक कर्मचारी नेमेल, चहा-बिस्किटं मांडेल, इतिवृत्त लिहील. माझा तरी फार भरवसा नाही.

लोकांच्या हातात राहतं ते खिसा बंद करणं. शेफिल्ड वेन्सडेच्या लोकांनी ते करून दाखवलं. पगार वारंवार थकत होते, म्हणून त्यांनी क्लबच्या दुकानातून, तिकिटांतून एक पेनी द्यायची नाही असं ठरवलं. ऑक्टोबर 2025 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला, बारा गुण कापले गेले आणि जुन्या मालकाचा ताबा सुटला. त्यासरशी दुकानाबाहेर रांगा! बारा गुण गेल्याच्या दिवशी लोक मफलर विकत घेतायत. हे वेड तुला वेगळं समजावून सांगायला नको. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपली शिवाजी तरुणची फुटबॉल टीम हरल्यावर तू दोन दिवस जेवत नव्हतास, काकूंनी माझ्याकडे फोन केला होता.

तिकडे टीम तालमीची असते आणि तालमीला मालक नसतो, हे तुमचं सुख. पण आता तुमच्याकडेही प्रायोजक आले, परदेशी खेळाडू आले, बक्षिसांच्या रकमा वाढल्या. उद्या एखादा बिल्डर म्हणाला की पाच वर्षांचा सगळा खर्च माझा, टीम कुणी निवडायची तेही मीच ठरवणार, तर पेठेत काय होईल? मला खरंच तुझं मत हवंय. "नाद खुळा" म्हणून विषय झटकू नकोस.

मार्चमध्ये येणार असशील तर आधी कळव. रोव्हर्सची घरची मॅच असेल तर तिकिटं काढतो, आजोबांच्या रांगेत. आपण पुण्याचे नाही, कोल्हापूरचे, हे तेवढं आल्या आल्या सांगून टाकू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या